एका तारखेला जन्मलेलं गाव

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात, किंवा खरं तर वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात, पन्नाशी-साठीच्या माणसांना जन्मतारीख विचारून पाहा. १ जून आणि १ जुलै ही दोन उत्तरं वारंवार मिळतील. मग त्याच माणसांच्या घरातल्या म्हातारीला विचारा. ती सांगेल, "हा पोळ्याच्या करीचा," "ही आखाडात झाली, पूर होता नाल्याला," "याच्या वेळेस कापूस वेचाले होतो आम्ही."

बाळंतपणं घरी व्हायची. जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत व्हायची, पण बारसं व्हायच्या आधीच ती झालेली असे. म्हणून अमक्याला मुलगा झाला एवढंच तिथं लिहिलेलं सापडतं, मुलाचं नाव नसतं. आज जात पडताळणीसाठी तीच कोतवाल बुकाची नक्कल शोधत लोक तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, आणि "मुलगा" या एका शब्दापुढे अडतात. पुढे शाळेत नाव घालायची वेळ आली की बाप पोराचा हात धरून उभा राही. गुरुजी पोराकडे पाहत, वय ठरवत, आणि शाळा ज्या सुमारास उघडते तिथून वर्षं मागे मोजून दाखल-खारीज रजिस्टरात तारीख टाकत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जून संपताना उघडतात, त्यामुळे इकडे १ जुलै सोयीची पडे. गुरुजींचा त्यात दोष नव्हता. समोरच्या पोराला पहिलीत बसवायचं, एवढंच त्यांना त्या क्षणी करायचं होतं, आणि ते त्यांनी केलं म्हणून एक पिढी शिकली.

पण या तारखेची किंमत पुढं मोजावी लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणजे १ जुलैवाला ३० जूनला घरी. आणि सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढीची तारीख ठरली १ जुलै! वर्षभर पुरती नोकरी केली, वाढ कमावली, पण ती हातात पडायच्या आदल्या संध्याकाळी सेवा संपली. जुनी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, म्हणून ही एका दिवसाची तूट मरेपर्यंत सोबत राही. त्याच रजिस्टरात २ जुलै लिहिलेली असती, तर नोकरी ३१ जुलैपर्यंत चालली असती आणि वाढही मिळाली असती. या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. पुढे कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ११ एप्रिल २०२३ रोजी सांगितलं, की वर्षभराच्या सेवेतून कमावलेली वाढ केवळ दुसऱ्या दिवशी निवृत्ती आहे म्हणून नाकारता येणार नाही. माझ्या मते हा निकाल फार उशिरा आला. तोवर कितीतरी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक त्या वाढीविनाच निवृत्त झाले होते.

एका माणसाची १ जुलै मात्र खरी होती. वसंतराव नाईक १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, असा अकरा वर्षांहून अधिक काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, अकोल्यासह चार कृषी विद्यापीठं, कापसाची एकाधिकार खरेदी आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं, हे सारं त्यांच्या काळातलं. म्हणून हा दिवस राज्यात कृषी दिन. तारीख मात्र मोठी अवघड. १ जुलै म्हणजे आर्द्रा नक्षत्र. मृगाचं साधलं असेल तर डवरणीची लगबग, नसेल तर दुबार पेरणीची धास्ती. सभागृहात शेतकऱ्याचा सत्कार होतो तेव्हा बहुतेक शेतकरी सोयाबीन-तुरीच्या तासात उभा असतो. शाल त्याला चार दिवस उशिरा, बांधावर जाऊन दिली तरी चालेल.

याच तारखेला आपला जिल्हाही जन्मला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि त्याच दिवशी धुळ्यातून नंदुरबार. पण वाशीमचा हा पहिला जन्म नव्हे. इंग्रजांच्या वेळी 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला गेले आणि पुसद यवतमाळला. म्हणजे नाईकांचं गहुली, त्यांच्या जन्माच्या आठच वर्षं आधीपर्यंत, जुन्या वाशीम जिल्ह्यातच होतं. १९९८ ला जिल्हा परत आला, पुसद मात्र आलं नाही. कामरगावच्या जुन्या टी.सी.वर 'जि. अकोला' आहे, आधार कार्डावर 'जि. वाशीम'. गाव जागचं हललं नाही. गाड्यांवरचा एम.एच. ३० जाऊन एम.एच. ३७ आला, एवढाच फरक रस्त्यावर दिसतो.

याच दिवशी १९०९ साली लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, १९५५ मध्ये स्टेट बँक सुरू झाली, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही १ जुलैचे, १८८२ आणि १९६२, म्हणून हा डॉक्टर दिनही.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि तारीख मिनिटासकट लिहिली जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळेपासून नोकरीपर्यंतचा तारखेचा पुरावा आहे. घरात बाळ झालं असेल तर नोंद झाली का, ते आजच ग्रामपंचायतीत जाऊन पाहा, आणि नाव ठरलं की तेही त्यात घालून घ्या. नोंद २१ दिवसांच्या आत केली तर तिला एक पैसाही लागत नाही. आणि घरात म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसून सगळ्यांचे जन्म विचारा. पूर, पोळा, कापूस, जे ती सांगेल ते वहीत उतरवून ठेवा. ते दुसऱ्या कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही.