बॅटरी विद्युतप्रवाह संवेदक
बॅटरी विद्युतप्रवाह संवेदक हा हायब्रिड व विद्युत वाहनांतील बॅटरीसंचात येणारा आणि त्यातून जाणारा प्रवाह मोजणारा घटक आहे. या मापनांची कालानुसार बेरीज करून नियंत्रक शिल्लक प्रभाराचा अंदाज बांधतो. त्यामुळे लहान चूकही साचत जाते. ६.५ अँपिअर-तास क्षमतेच्या संचात ०.५ अँपिअरची चूक दुरुस्त न झाल्यास तासाभरात प्रभाराचा अंदाज सुमारे ८ टक्क्यांनी चुकतो.

दोषनिदान

पी०एबीएफ हा दोषसंकेत संवेदकाच्या मंडलातील बिघाड दर्शवतो. तो संवेदकच निकामी झाल्याचा पुरावा नव्हे. म्हणून प्रथम जोडण्यांवरील गंज, तुटलेल्या तारा आणि संवेदकाचा वीजपुरवठा तपासतात. मुख्य रिले खुले असताना वाचन शून्याजवळ नसल्यास संवेदकावर संशय बळावतो. उच्च विद्युतदाबामुळे ही तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावी.