दोनशे कोटी वर्षांपूर्वीची अणुभट्टी

१९७२ साली फ्रान्समधल्या पिएरलात येथील युरेनियमच्या कारखान्यात नेहमीच्या तपासणीत एक आकडा खटकला. निसर्गातल्या युरेनियममध्ये ‘युरेनियम-२३५’चे प्रमाण ०.७२०२ टक्के असते. या नमुन्यात ते ०.७१७१ टक्के भरले. फरक नखाएवढा; पण पृथ्वीवर कुठेही खणा, हे प्रमाण बदलत नाही. शिवाय अणुबॉम्बला लागतो तो हाच प्रकार, त्यामुळे त्याचा कणन्‌कण मोजला जातो. मग हा गेला कुठे? शोध आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातील ओक्लोच्या खाणीपाशी पोहोचला. हे युरेनियम कुणी चोरले नव्हते. ते जमिनीतच ‘जळून’ गेले होते.

हे समजायला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: किरणोत्सर्गी ऱ्हास आणि विखंडन.

ऱ्हास आपोआप होतो. युरेनियमचे अणुकेंद्रक अस्थिर असते. कधीतरी ते दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा अल्फा कण बाहेर फेकते आणि त्याचे थोरियम बनते. एखाद्या केंद्रकाचा ऱ्हास नेमका केव्हा होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. मात्र ढीगभर अणूंपैकी निम्मे किती काळात संपतील, हे पक्के ठाऊक असते. हेच अर्धायुष्य. युरेनियम-२३५चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे, तर युरेनियम-२३८चे सुमारे ४४७ कोटी. तापवा, दाबा, आम्लात विरघळवा, ही गती बदलत नाही.

विखंडन मात्र घडवून आणता येते. मंद गतीचा न्यूट्रॉन युरेनियम-२३५च्या केंद्रकावर आदळला की त्याचे दोन तुकडे होतात, दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि प्रचंड ऊर्जा मिळते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना मिळते तिच्या सुमारे पाच कोटी पट. सुटलेले न्यूट्रॉन पुढची केंद्रके फोडू लागले की साखळी सुरू होते. पण हे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यांना मंद करायला पाणी लागते.

ओक्लोत हे सगळे जुळून आले. २३५ लवकर संपत जाते, म्हणजे मागे जावे तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. दोनशे कोटी वर्षांपूर्वी ते तीन टक्क्यांहून अधिक होते. खडकात पाणी झिरपले, साखळी सुरू झाली. उष्णतेने पाण्याची वाफ झाली, न्यूट्रॉन मंद होईनात, साखळी तुटली. खडक निवला, पाणी परतले, पुन्हा सुरुवात. खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: अर्धा तास चालू, सुमारे अडीच तास बंद. हे लाखो वर्षे चालले. असे काही घडू शकते, हे पॉल कुरोदा या रसायनशास्त्रज्ञाने १९५६मध्येच मांडले होते.

आज असे घडणार नाही. साधे पाणी न्यूट्रॉन मंद करते, तसे काही गिळतेही. पाऊण टक्क्याहून कमी २३५ असताना साखळी टिकत नाही. म्हणून १९६९च्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना साध्या पाण्याबरोबर समृद्ध, म्हणजे २३५चे प्रमाण वाढवलेले, युरेनियम लागते. तिथल्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम चालते, कारण तिथे न्यूट्रॉन फारसे न गिळणारे जड पाणी वापरतात.

विखंडन नियंत्रक दांड्यांनी काही क्षणांत थांबवता येते. त्यातून उरलेल्या तुकड्यांचा ऱ्हास थांबवता येत नाही. म्हणून भट्टी बंद केल्यावरही इंधन थंड ठेवावे लागते. भट्टीच्या कचऱ्यातल्या सिझियम-१३७चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, प्लुटोनियम-२३९चे सुमारे २४ हजार. ओक्लोत प्लुटोनियम जागचे फारसे हलले नाही, सिझियम मात्र बरेचसे निसटले. तेव्हा अणुऊर्जेच्या बाजूने बोला वा विरोधात, पहिला प्रश्न हाच विचारा: भट्टीतून निघालेला कचरा कुठल्या खडकात, किती काळ राहणार आहे?