लोकलमधलं वचन, केडगावचं बायबल

आंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बंधुभगिनींनो, प्रवासात रोज एकच वचन घ्या, पण त्याच्या आगेमागेचंही वाचा. फिलिप्पैकरांस पत्र 4:6-7 चिंतेऐवजी प्रार्थनेकडे वळवतं. ते लिहिताना पौल कैदेत होता! विलापगीत 3:22-23 मधली देवाच्या दयेची आशा उद्ध्वस्त यरुशलेमेच्या शोकात उमटली आहे. हे कळलं की वचन जास्त आधार देतं.

मराठीत बायबल वाचताना मला पंडिता रमाबाई हटकून आठवतात. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, तेही साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. केवढा घाव! तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. छापील ग्रंथ 1924 मध्ये आला, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांच्या हातून.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी स्तोत्र 121 घ्यावं. आठच वचनं आहेत, शहाड यायच्या आत वाचून होतात.