कुदळ लागण्यापूर्वी

पुण्यात घराचा पाया खणू लागले, की माती व मुरूम संपताच काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. दगडी कोळसा याहून पुष्कळ जुना, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचा. मग या कातळाखाली कोळसा दडलेला असेल काय? १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या भागातील धक्क्यांची कारणे शोधण्यासाठी पुढे शास्त्रज्ञांनी तेथे खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे ९३० मीटर कातळ ओलांडल्यावर एकदम ग्रॅनाइटासारखा आद्य खडक लागला. कोळसा ज्या गाळाच्या खडकात सापडतो, तो मध्ये नव्हताच. तो खडक आहे पूर्वेस, विदर्भात : वर्धेच्या खोऱ्यात, कामठीस, उमरेडला. पुण्याच्या घरात दिवा लागतो, त्यात चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा, म्हणजेच त्या कोळशाचाही वाटा असतो. म्हणून ती खाण कशी ठरते, हे नागरिकाने जाणणे अगत्याचे आहे.

खाणीचा आरंभ कुदळीने होत नाही, बोअरने होतो. हिऱ्याचे कण बसविलेले पोकळ पाते फिरत फिरत खाली जाते आणि खडकाची लांबट कांडी वर येते. ही कांडी पेटीत क्रमाने मांडतात. थर किती खोल, किती जाड, कोणत्या बाजूस कललेला, मध्ये भेग आहे काय, हे तीवरून कळते. राख, ओल व उष्णता यांची परीक्षा प्रयोगशाळेत होते. परंतु एका बोअरचा पुरावा त्याच्या आसपासपुरताच. भारतीय पद्धतीनुसार निरीक्षणाच्या बिंदूपासून २०० मीटरांच्या आतील साठा तेवढा ‘सिद्ध’ म्हणत, बिंदू एक-दोन किलोमीटर दूर असतील, तर तो केवळ ‘सूचित’, त्यापलीकडे अनुमान. नागपूरच्या पश्चिमेस तर कोळशाचे खडक कातळाखाली झाकलेले आहेत. तेथे बोअरवाचून डोळाच नाही.

सरकारी कंपनीसाठी असा शोध घ्यावयाचा, तर १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याच्या चौथ्या कलमाखाली अधिसूचना निघते. तिने अधिकाऱ्यांना शेतात शिरून बोअर घेता येतो; जमीन मात्र मालकाचीच राहते आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. या अधिसूचनेची मुदत दोन वर्षांची, व ती फार तर एक वर्ष वाढते. कोळसा लागला, तर सातव्या कलमाची दुसरी सूचना निघते. खरा प्रसंग हाच. संपादनास हरकत घ्यावयाची ती या सूचनेपासून ३० दिवसांत, लेखी. मग हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पहिल्या सूचनेने काही बिघडले नाही, म्हणून दुसरीकडे कानाडोळा करणारा शेतकरी ते ३० दिवस गमावतो. नवव्या कलमाची घोषणा झाली, की जमीन वा हक्क केंद्र सरकारकडे जातो.

‘जमीन वा हक्क’ हे शब्द ध्यानात ठेवावयास हवेत. भूमिगत खाणीसाठी पुष्कळदा केवळ खालचा खनिकर्माचा हक्क घेतला जातो. वरचे शेत धन्याच्या नावेच राहते. परंतु खाली काय घडते? थरात गल्ल्या खोदून मधोमध कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. ते छताला तोलून धरतात. पुढे हे खांबही काढून घेतले, तर छत कोसळते आणि वरची जमीन खचू शकते. म्हणून रेल्वे, सार्वजनिक रस्ता वा इमारत यांच्या खाली, अथवा त्यांपासून ४५ मीटरांच्या आत, परवानगीवाचून काम करता येत नाही. खांबांची जाडी, हवा खेळविणारे पंखे, बाहेर पडण्याच्या निदान दोन वाटा, आणि अखेरीस खाण बंद कशी करावयाची, हे सारे आधीच आराखड्यात आले पाहिजे.

हे नियम कागदी नव्हेत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत लगतच्या जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि ३७५ कामगार बुडाले. पाण्याने भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरांच्या आत खाण-सुरक्षा खात्याच्या अनुमतीवाचून जाऊ नये, हा नियम किती मोलाचा, हे त्या दिवशी दिसले. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. अशा जुन्या खाणींचे नकाशे जपून ठेवणे हे म्हणूनच हौसेचे काम नव्हे.

यावर पर्यावरणाची मंजुरी, आणि वनभूमी असल्यास वनखात्याची. मोठ्या खाणीसाठी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ गावात जनसुनावणी घेते. नागपूर जिल्ह्यातील गोंडखैरीच्या नियोजित भूमिगत खाणीची सुनावणी जुलै २०२३ मध्ये झाली, तेव्हा विहिरी आटतील ही ग्रामस्थांची धास्ती होती. ती अवास्तव म्हणता येत नाही; खाण कोरडी ठेवावयाची, तर पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या भूजलाची पातळी त्यामुळे उतरू शकते. कोळसा आहे म्हणून खाण झालीच पाहिजे, असेही नाही. ताडोबालगतच्या वाघांच्या वाटेवरील बंदर हा कोळसापट्टा २०२० मध्ये लिलावातून वगळण्यात आला.

तेव्हा बोअर एवढेच सांगतो, की खाली काय आहे. ते काढावे की नाही, हे विहिरीच्या धन्याला, कामगाराला आणि अरण्याला विचारल्यावाचून ठरू नये. परवानग्यांची लांबलचक माळ दिसते, ती या प्रश्नांचीच. शहरात दिव्याचे बटण दाबणारा हात त्या गावापासून शेकडो मैल दूर असतो. म्हणूनच ते प्रश्न नीट विचारले जातात की नाही, याकडे त्यानेही लक्ष ठेवणे उचित होय.