रुंद टायर, उथळ खाचा

इंदापूर - पुणे-सोलापूर महामार्गावर पावसात भरधाव मोटारीचे टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागले, की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. हे पाणी बाजूला सारणे हेच टायरवरील खाचांचे खरे काम. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. मोटारीसाठी कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी असलेले रबरी उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की ही मर्यादा गाठली गेली असे समजावे. पावसाळ्यात मात्र ३ मिलिमीटरलाच टायर बदललेले बरे.

वेगवान मोटारींचे रुंद, मऊ रबराचे टायर दिसतात रुबाबदार आणि कोरड्या रस्त्यावर उत्तम पकड देतात. पण ते लवकर झिजतात आणि झिजल्यावर रुंदीमुळेच पाण्यावर लवकर तरंगतात. टायरच्या बाजूवरील 'व्ही' हे अक्षर ताशी २४० किलोमीटर वेगाची क्षमता सांगते, ओल्या रस्त्यावरील पकड नव्हे.