साथ आणि सोबत : महामारीच्या काळातील काही मराठी शब्दप्रयोग

मराठीत 'साथ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. रोगाची साथ येते आणि अडचणीत कोणी साथ देते. दोन्ही ठिकाणी शब्द स्त्रीलिंगीच आहे. हिंदीतील 'साथ' शब्दाला ह्यांपैकी पहिला अर्थ नाही. सोबत ह्या अर्थाच्या शब्दाचे मूळ संस्कृत 'सार्थ', म्हणजे एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा तांडा, ह्यात सांगितले जाते. रोगाविषयीचा अर्थही 'अनेकांना एका वेळी, एकमेकांच्या संगतीने जडणारा' अशा वाटेने आला असावा असे मानण्यास जागा आहे. ह्या योगावर काव्यमय विवेचन करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. डेंग्यूची साथ म्हणताना कोणाही मराठी भाषिकाच्या मनात सोबतीची कल्पना येत नाही. तथापि २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत पहिल्या साथीला तोंड देताना माणसांनी एकमेकांना दुसरी साथ कशी दिली, आणि त्यासाठी भाषेतील कोणती साधने वापरली, हा प्रश्न आपल्या विषयाच्या कक्षेत निश्चितपणे येतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी थोड्याच साधनांचा विचार केला आहे.

महाराष्ट्राला असा काळ नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढल्या वर्षाच्या आरंभी रोग पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात पोचवले आणि त्या संसर्गानेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. त्याच १८९७ साली झालेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पुन्हा लागू केला. कायदा तोच राहिला. सेवेचे मात्र रूप पालटले. रुग्णाला पाठीवर घेणे हेच ज्या काळात निषिद्ध ठरले, त्या काळात स्पर्शाचे बरेचसे काम शब्दांवर येऊन पडले.

प्रथम ह्या चित्राची काळी बाजू पाहू. तिच्याकडे डोळेझाक करून चांगुलपणाविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ८ मे २०२० रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाडच्या परिसरात, गावाकडे पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र अनेकांच्या स्मरणात असेल. शहरांतील इमारतींनी कामवाल्या बायकांना दाराबाहेर ठेवले, आणि परिचारिकांनाही काही ठिकाणी तसाच अनुभव आला. भाषेतही हा दुरावा उमटला. मराठीत ताप 'येतो', कावीळ 'होते', गोवर 'निघतो'. परंतु २०२० मध्ये माणूसच 'पॉझिटिव्ह निघाला'. माणूस कर्ता आणि 'निघणे' हे क्रियापद अशी रचना आपण बहुधा कोठे करतो? 'तो चोर निघाला', 'तो लबाड निघाला'. झाकलेले वैगुण्य उघडकीस आल्याचा भाव ह्या रचनेत आहे. 'त्याला कोरोना झाला' असे म्हटले की तो रुग्ण ठरतो, आणि 'तो पॉझिटिव्ह निघाला' असे म्हटले की जवळजवळ आरोपी. हे कोणी जाणूनबुजून केले असे नव्हे. भीतीने आपले क्रियापद आपणच निवडले.

'सामाजिक अंतर' ह्या संज्ञेचेही असेच झाले. जेथे माणसाने माणसापासून किती पावले दूर उभे राहावे ह्याला जातिव्यवस्थेचा इतिहास आहे, तेथे ही संज्ञा अनेकांना खटकली, आणि ते योग्यच होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' असे म्हणणे पत्करले. मराठीत 'सुरक्षित अंतर' हा पर्यायही वापरात आला. 'टाळेबंदी' हा कारखानदार आणि कामगार ह्यांच्या झगड्यातील शब्द साऱ्या समाजाला लागू झाला, एवढे येथे नमूद करणे पुरे.

आता 'काळजी' ह्या शब्दाकडे वळू. ह्या शब्दात चिंता आणि जपणूक असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, व त्यांतील कोणता प्रकट व्हावा हे क्रियापद ठरवते. 'मला त्याची काळजी वाटते' ह्या रचनेत अनुभवणारा चतुर्थीत असतो. भावना त्याच्याकडे येते. ती आणण्याचे वा थांबवण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. 'तो काळजी करतो' येथे तो प्रथमेत येतो खरा, पण त्याच्या करण्याने कोणाचे भले होत नाही. म्हणूनच ह्याचा आज्ञार्थ आपण सहसा नकारात वापरतो : 'काळजी करू नका'. 'काळजी घेणे' ह्या तिसऱ्या रचनेत मात्र चिंतेचे कृतीत रूपांतर झालेले असते, आणि तिचा आज्ञार्थ होकारात सहज शोभतो : 'काळजी घ्या'. त्या दिवसांत दूरध्वनीवर होणारी संभाषणे ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली असतील त्यांना आठवेल, की आरंभी 'काळजी वाटली म्हणून फोन केला', मध्यंतरी 'काळजी करू नका', आणि शेवटी 'काळजी घ्या', असा ह्या तीन क्रियापदांचा जणू क्रमच ठरून गेला होता.

पुढे हा तिसरा प्रयोग झिजला. बँकांच्या संदेशांत आणि कार्यालयीन पत्रांच्या शेवटीही तो येऊ लागला, तेव्हा त्यातील ऊब गेली. बोलणाऱ्यांनी मग त्याला लहानसा टेकू दिला : 'काळजी घे हं'. आपल्या व्याकरणग्रंथांत 'हं' ह्या अव्ययाची बोळवण एकदोन ओळींत होते. त्याने किती भार पेलला हे त्या दोन वर्षांत दिसून आले.

'जेवलात का?' ह्या प्रश्नाची कथा नेमकी उलट आहे. मालिनोव्हस्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याचे एक निराळे स्थान दाखवून दिले. माहिती मिळवणे हा त्याचा हेतू नसतो. बोलण्याने माणसे जवळ येतात, एवढेच त्याचे कार्य. दुपारी जिन्यात भेटलेला शेजारी 'जेवण झालं का?' असे विचारतो तेव्हा त्याला आपल्या ताटाविषयी काही जाणून घ्यायचे नसते, आणि आपणही 'हो, आत्ताच' म्हणून पुढे जातो. गृहविलगीकरणात असलेल्या कुटुंबाला हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा तो अक्षरशः प्रश्न झाला. उत्तर 'नाही' असण्याचा संभव होता, आणि तसे असेल तर विचारणाऱ्याला पुढे काहीतरी करावे लागणार होते. केवळ उपचार म्हणून उरलेल्या वाक्याला असा पुन्हा अर्थ प्राप्त होणे ही घटना भाषेच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या घरातील तिघेही एकाच वेळी आजारी पडलो. आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. सतरा दिवस आमच्या दाराच्या कडीला कोणी ना कोणी डबा अडकवून जात असे. बहुतेक डब्यांबरोबर चिठ्ठी असे, आणि त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत सहानुभूतीचा शब्द क्वचितच आढळतो. 'भाजी जास्तीची झाली होती.' 'इडल्या करतच होते, चार जास्त टाकल्या.' 'ह्यांना मूगडाळ आवडत नाही, संपवायला मदत करा.' 'मीठ कमी आहे, वरून घ्या.' देणारी व्यक्ती आपल्या देण्याचे मोल येथे हेतुपुरस्सर उतरवून सांगते. डबा मुद्दाम केला असे म्हटले तर घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे येते. 'जास्तीचे झाले' म्हटले की ते उतरते, आणि घेणारा उलट अन्न वाया जाऊ न देण्याचे काम करतो. ही विधाने सत्य होती काय? रोज नेमकी तीन माणसांना पुरेल एवढीच भाजी कोणाच्याही घरी जास्तीची होत नाही. परंतु ह्या विधानांना खरेखोटेपणाची कसोटी लावणे व्यर्थ आहे. ती माहिती देत नसून संकोच दूर करीत होती. मराठीत आभार मानण्याची रीत घरोब्याच्या व्यवहारात फारशी नाही ह्याबद्दल आपल्याला अधूनमधून दूषण दिले जाते. मला वाटते, जेथे देणाराच 'मी काही दिलेच नाही' असे म्हणतो तेथे आभाराला जागा उरत नाही, हेच त्याचे एक कारण असावे.

तळमजल्यावर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. आम्ही सारे त्यांना गुरुजी आणि काकू म्हणतो. आमच्या आजारपणाच्या सहाव्या दिवशी गुरुजींना रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. आम्ही गॅलरीत उभे होतो. गाडीत चढताना त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, 'येतो.' मराठी माणूस निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो व अशुभ टाळण्याची प्रवृत्ती असे त्याचे स्पष्टीकरण देतो. ते स्पष्टीकरण चुकीचे नाही. त्या दिवशी मात्र ते अपुरे वाटले. त्या महिन्यात गेलेल्यांपैकी कितीजण परतत नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तरीही 'या गुरुजी, लवकर या' हे उत्तर तिन्ही मजल्यांवरून एकदमच आले. उत्तर देण्यापूर्वी कोणी त्याचा विचार केला असेल असे वाटत नाही. ते भाषेत तयारच होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी काकूंचा डबा आला. चिठ्ठीत लिहिले होते : 'दोघांचा स्वयंपाक करायची सवय. एकटीचा अंदाज येत नाही. उरलेलं आहे, संकोच नको.' डब्यातील पोळ्या गरम होत्या.

गुरुजी एकोणिसाव्या दिवशी घरी आले. तोवर आमच्याकडे अकरा डबे साठले होते. संसर्गाच्या भीतीने ते परत करता येत नव्हते, आणि रिकामा डबा परत करू नये ही रीतही होती. मुदत संपल्यावर माझ्या आईने सारे डबे दोनदा धुतले, उन्हात ठेवले, आणि दहांमध्ये साखर घालून ज्याचे त्याला पोचवले. काकूंचा डबा तिने शेवटी ठेवला. त्यात शिरा होता, आणि झाकणावर चिठ्ठी : 'जास्तीचा झाला होता.'