तंबू पुढे, पाहुणे मागे

बोत्स्वानातली फिरती तंबू-सफारी बहुधा माउन गावातून निघते. पाहुणे वाटाड्यासोबत उघड्या जीपमधून प्राणी पाहत असतात, तोवर मदतनीस ट्रकमध्ये सामान भरून पुढच्या मुक्कामी तंबू ठोकतात. झाडाला टांगलेल्या बादलीखाली गरम पाण्याची अंघोळ, निखाऱ्यांवरचा स्वयंपाक. मुक्कामाला कुंपण नसते.

या सफारीच्या वाटेवरची ओकावांगो नदी अंगोलाच्या उंच भागात उगम पावते, पण समुद्राला कधीच मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत त्रिभुज प्रदेश होऊन पसरते आणि तिथेच संपते. अंगोलातल्या पावसाचे पाणी इथवर यायला काही महिने लागतात. त्यामुळे पूर येतो तो ऐन कोरड्या हंगामात, जून ते ऑगस्टमध्ये! या सफारीतले सर्वांत मोठे नवल हेच. २०१४ मध्ये हा त्रिभुज प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले १०००वे स्थळ ठरला. त्यातले मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये स्थानिक बतवाना लोकांनीच राखून ठेवले. दक्षिणेला सेंट्रल कालाहारी अभयारण्य, सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर.

तिथे हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ उतरतो. लोकरीचे कपडे घ्याच. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि रात्री तंबूची चेन एकदा लावली, की उजाडेपर्यंत बाहेर पाऊल टाकू नका.